विंचवाची डावी फणी

माझ्या नावावर छापल्या गेलेल्या पहिल्या शोधनिबंधात चाळीस विंचवांच्या दोन्ही बाजूंची मोजणी दिलेली आहे. त्यांतली डाव्या बाजूची बहुतेक मोजणी मी केलेलीच नव्हती. उजवीकडे जो आकडा आला तोच डावीकडे लिहून मी मोकळा झालो. आणि ही गोष्ट उघडी पडण्याची वेळ आली तेव्हा, शेजारच्या बेसिनवर काचेची भांडी धूत उभ्या असलेल्या माणसाचे नाव मी पुढे केले. सव्वीस वर्षे हे मी कोणालाही सांगितले नाही, पत्नीलाही नाही. दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहा, असे संपादकांचे पत्र आले तेव्हा आधी काही गमतीच्या गोष्टी आठवल्या. त्याही सांगेन. पण ही गोष्ट बाजूला ठेवून त्या लिहिता येईनात.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. सांगलीला विश्रामबागेतल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. आता विभागप्रमुख आहे आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे. माझ्या आवडीचा विषय विंचू. विंचू म्हटले की लोकांना नांगी आठवते. त्याला उताणा करून पाहण्याची हौस सहसा कोणाला नसते, आणि त्यात काही चूक आहे असेही नाही. पण पाहिले तर पायांच्या शेवटच्या जोडीमागे, पोटाला चिकटून, दोन इवल्याशा फण्या दिसतात. एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि प्रत्येकीला ओळीने बसवलेले बारीक दात. विंचवाला डोळे असून फारसे दिसत नाही. तो या फण्या जमिनीवर टेकवत, तिचा वास आणि कंप चाचपत चालतो. नराला मादीचा मागही यांच्यावरूनच लागतो. कोणत्या जातीला साधारण किती दात असावेत याला मर्यादा असते. त्यामुळे भिंगाखाली दात मोजणे हा विंचू ओळखण्याचा एक जुना आणि खात्रीचा मार्ग आहे. काम कंटाळवाणे असते. नजर एका दातावरून घसरली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

या अवयवाला आमच्या पुस्तकांत ‘कंकत’ म्हणतात, आणि इंग्रजीतून शिकवताना लॅटिनमधला ‘पेक्टेन’ वापरतात. दोन्हींचा अर्थ फणीच. कंगवा हा शब्द त्या कंकताचाच वंशज आहे, असे आमच्या मराठीच्या बाई सांगत. प्राण्यांच्या शरीरात ही फणी कुठे कुठे भेटते हे सांगण्याचा तास माझ्या विशेष आवडीचा. कृष्णेतल्या चिलापी माशाच्या खवल्याची कड बोटाने उलटी घासून पाहावी, तिथल्या बारीक दातांमुळे ती खरखरते. मधमाशीच्या पुढच्या पायावर मिशा साफ करायला एक फणी असते. पक्ष्याच्या डोळ्यात आत एक काळी, चुण्या घातलेली पट्टी उभी असते, तिलाही हेच नाव. आपल्या स्वतःच्या कमरेच्या हाडावरच्या एका कडेलाही शरीरशास्त्रात पेक्टेनच म्हणतात. हे ऐकल्यावर मागच्या बाकावरचे विद्यार्थी नकळत कंबर चाचपत.

पक्ष्याचा डोळा दाखवण्यासाठी कोंबड्यांची मुंडकी आणावी लागत. ती आणण्याचे काम आमच्या प्रयोगशाळेचे परिचर दस्तगीरभाई करीत. त्यांच्या मेहुण्याचे कोंबडीचे दुकान होते. एकदा डोळा कापताना एका विद्यार्थिनीला भोवळ आली. दस्तगीरभाईंनी तिला स्टुलावर बसवले, पाणी दिले आणि म्हणाले, “काय गं पोरी, रविवारी रस्सा वरपतीस तवा न्हाई व्हय चक्कर येत?” मुलगी हसली आणि उठून पुन्हा टेबलाशी गेली. पुढे ती डोळ्यांची डॉक्टर झाली.

दस्तगीरभाई पूर्वी माधवनगरच्या एका कापड गिरणीत होते. मागावर जी फणी असते ती लावण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम त्यांच्याकडे असे. दोन पट्ट्यांच्या मध्ये शेकडो बारीक पात्या उभ्या बसवलेल्या असतात आणि दोन पात्यांमधल्या प्रत्येक फटीतून ताण्याचे, म्हणजे उभे, धागे जातात. एक फट चुकली तर अख्ख्या ताग्यात लांबच लांब रेघ उमटते. त्यामुळे ही माणसे पात्या नखाने मोजत, बोलता बोलता, न पाहता. गिरणी बंद पडली आणि ते आमच्याकडे आले. मी त्यांना पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून विंचू दाखवला तेव्हा ते बराच वेळ वाकून पाहत राहिले.

“ही तर फणी हाय, सर.”

“याला कंकत म्हणतात,” मी म्हणालो. नुकताच प्राध्यापक झालो होतो.

“म्हणत असत्याल. काम लय बारीक केलंय पर.”

विंचू जमवायला आम्ही दोघे साताऱ्याकडे, कोयनेच्या खोऱ्यात जात असू. दिवसा विंचू दगडाखाली असतो. दगड आपल्याकडे ओढून उलटायचा, म्हणजे तो आपल्या आणि विंचवाच्या मध्ये राहतो, आणि लांब चिमट्याने विंचवाची शेपटी धरायची. कोयनानगरच्या वसाहतीमागे आम्ही असे वाकून दगड उलटत असताना तिथला एक राखणदार आला.

“काय हरवलंय जणू?”

“विंचू शोधतोय,” मी म्हणालो.

तो दस्तगीरभाईंकडे वळला, कारण त्यांचे वय बोलण्याजोगे होते. “आवं, आमी चप्पल घिऊन मागं लागतो, आन तुमी हुडकताय? ह्याला पगार देत्यात व्हय?”

“देत्यात की. येका विंचवामागं दोन माणसं ठेवल्यात. येक शिकल्यालं, येक शाणं.”

राखणदाराने आम्हाला आपल्या खोलीत चहाला नेले. चहा उकळत असताना जमीन हलली. भांडी वाजली, दाराची कडी थरथरली. मी घाबरून उभा राहिलो. राखणदाराने स्टोव्हवरून मान वर केली नाही. “धक्का हाय. बसा खाली, च्या घ्या.” दस्तगीरभाईंकडे पाहिले तर त्यांनी बरण्यांची पिशवी छातीशी दोन्ही हातांनी कवटाळली होती. आमचा सगळा महिना त्या पिशवीत होता.

त्या वर्षी मी तात्पुरत्या नेमणुकीवर होतो. कायम व्हायचे तर निबंध छापून यायला हवा होता, आणि तो पाठवण्याची मुदत जवळ आली होती. चाळीस बरण्या, प्रत्येकीत एक विंचू, प्रत्येकाच्या दोन फण्या. पहिल्या नऊ बरण्यांपर्यंत मी दोन्ही बाजू मोजल्या. सातांत दोन्हीकडचे आकडे सारखे आले, दोनांत एका दाताचा फरक पडला. तो फरक विंचवाचा नसून माझ्या थकलेल्या डोळ्यांचा आहे, असे मी ठरवले. निसर्गात दोन्ही बाजू सारख्या असणारच. मग दुसरी मोजायची कशाला? दहाव्या बरणीपासून मी फक्त उजवी मोजू लागलो.

एक दिवस दस्तगीरभाई बरण्यांतले अल्कोहोल बदलत होते. ते काम त्यांचेच. एक विंचू काचेच्या बशीत काढून ठेवलेला, त्याच्याकडे भिंगातून पाहत ते म्हणाले, “सर, ह्या गड्याची उजवी चौतीस हाय आन डावी तेहतीस.”

“दोन्ही बाजू सारख्या असतात, दस्तगीरभाई.”

“असाव्यात. पर न्हाईत.” मग म्हणाले, “डाव्या बाजू मी मोजून दिऊ का? दुपारचा रिकामाच असतो.”

“नको,” मी म्हणालो. “ते तुमचं काम नाही.”

मी हे आवाज चढवून म्हणालो नव्हतो. मला आवाज चढवता येत नाही. हळू बोलणारा माणूस सभ्य समजला जातो आणि त्या समजुतीचा फायदा मी आयुष्यभर घेतला. पण ते वाक्य आज आठवले की कळते, नंतर जे घडले त्याची तयारी त्यातच झाली होती. ज्याच्या हाताला मी मोजण्याच्या योग्यतेचा मानला नाही, त्याच हातावर पुढे मी मोजणी ढकलली.

आमचे तेव्हाचे विभागप्रमुख शिस्तीचे होते. निबंधावर सही करण्यापूर्वी ते प्रयोगशाळेत आले, कपाटातून मनाला येतील त्या तीन बरण्या काढल्या आणि स्वतः मोजायला बसले. एम.एस्सी.चे विद्यार्थी भोवती उभे होते. तिसऱ्या बरणीनंतर त्यांनी चष्मा काढला.

“तीनपैकी दोन चुकल्यात. दोन्ही डाव्या. डावी बाजू मोजली कोणी?”

दस्तगीरभाई बेसिनवर काचेची भांडी धूत होते. मला वाटते मी दोन श्वासांइतका वेळ घेतला. मग म्हणालो, “दस्तगीरभाईंनी.”

दस्तगीरभाईंनी मान वळवून एकदा माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. एखाद्या सुताचा धागा कुठे तुटला ते शोधावे तसे. मग ते पुन्हा भांडी विसळू लागले. विभागप्रमुख त्यांना काहीच बोलले नाहीत, मलाच म्हणाले, “शिपायाकडून मोजून घेता? सगळ्या पुन्हा मोजा.” मी काही मोजल्या. मुदत आली तेव्हा उरलेल्या तशाच ठेवल्या. निबंध छापून आला आणि मी कायम झालो.

त्या तपासणीनंतर पुढच्याच आठवड्यात दस्तगीरभाईंची बदली सायकल स्टँडवर झाली. प्रयोगशाळा सहायकाच्या जागेसाठी त्यांचे नाव पुढे जाणार होते, ते गेले नाही. कपाटाच्या किल्ल्या देताना ते मला एवढेच म्हणाले, “सर, बरण्यांतलं स्पिरीट दर सहा म्हैन्याला बदलाय लागतंय. नव्या माणसाला सांगून ठेवा.”

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ते स्टँडवर होते. मी जाईन तेव्हा उठून म्हणत, “सलाम सर.” काही महिन्यांनी मी स्कूटर मागच्या फाटकाबाहेर लावू लागलो. सावली आहे, असे विचारणाऱ्यांना सांगत असे. त्यांच्या निरोप समारंभात भाषण करायला मलाच सांगितले गेले, आणि मी त्यांच्या प्रामाणिकपणावर बोललो. टाळ्या झाल्या. मी शाल त्यांच्या खांद्यावर घातली तेव्हा त्यांनी माझा हात क्षणभर धरून ठेवला. खरे बोलण्यासाठी त्यांनी मला दिलेली ती संधी होती. मी ती वाया घालवली.

गेल्या पावसाळ्यानंतर ऋतुजा नावाची एक तरुण संशोधक आमच्याकडे आली. सह्याद्रीतल्या विंचवांवर ती प्रबंध लिहिते आहे, आणि आमच्या जुन्या बरण्या तिला पुन्हा तपासायच्या होत्या. आता सूक्ष्मदर्शकातले चित्र पडद्यावर मोठे दिसते. तिने चार दिवसांत सगळे मोजले. पाचव्या दिवशी ती माझ्या खोलीत आली. त्या मुलीचा संकोच मला दारातूनच दिसला.

“सर, अकरा बरण्यांमध्ये डाव्या बाजूचा आकडा तुमच्या निबंधाशी जुळत नाही.”

मी समोरची वही मिटवली.

“पण एक विचित्र गोष्ट आहे. बरण्यांत जी चिठ्ठी असते ना, तिच्या मागच्या बाजूलाही आकडे आहेत. ते जुळतात.”

याचे थोडे स्पष्टीकरण द्यायला हवे. बरणीत विंचवासोबत जाड कागदाची एक चिठ्ठी असते. तिच्यावर ठिकाण आणि तारीख शिसपेन्सिलीने लिहितात, कारण शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते आणि शिसे टिकते. तिची मागची बाजू पाहण्याचे कोणालाच कारण नसते. ऋतुजाने मला प्रयोगशाळेत नेऊन चिमट्याने एक चिठ्ठी उलटून दाखवली. बारीक, तिरप्या अक्षरात लिहिले होते: डावी ३३, उजवी ३४. ते अक्षर मला ओळखू आले. सायकल स्टँडच्या बिल्ल्यांवरही तेच होते.

अल्कोहोल बदलता बदलता दस्तगीरभाईंनी चाळीसही विंचवांच्या दोन्ही फण्या मोजल्या होत्या. मी नको म्हटल्यावरही. ज्याला मोजायची सवय असते त्याला समोर दात असताना न मोजता राहवत नाही, एवढेच कारण असावे.

“एकोणचाळीस बरण्यांत त्यांची मोजणी माझ्याशी अगदी जुळते,” ऋतुजा म्हणाली. “चाळिसाव्या विंचवाची डावी फणी आता झडून गेलीय. तिचा आकडा फक्त या चिठ्ठीवर आहे. मला तो वापरायचाय. सर, हे मोजलं कोणी?”

सव्वीस वर्षांनी तोच प्रश्न, तीच खोली. या वेळी मी खरे उत्तर दिले, आणि सगळे दिले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “ते आहेत का अजून?” तिच्या आवाजात दोष नव्हता, उत्सुकता होती. मला वाटते, त्यामुळेच मला दुसऱ्या दिवशी माधवनगरला त्यांच्या घरी जायचा धीर झाला. निबंधातली चूक कळवणारे पत्र नियतकालिकाला मी त्याच संध्याकाळी पाठवले.

दस्तगीरभाई आता पंचाहत्तरीचे आहेत. दारात खुर्ची टाकून बसले होते. मला पाहताच उठू लागले. मी उठू दिले नाही. भाभींनी चहा केला. मी चिठ्ठीची गोष्ट सांगितली, ऋतुजाची सांगितली. ते ऐकून त्यांचा चेहरा इतका उजळला की मला पुढचे बोलणे अधिकच कठीण झाले.

“सगळ्या जुळल्या म्हंता?”

“सगळ्या.”

“बगा! आन तवा तर ह्या डोळ्यास्नी चष्मा बी नव्हता.”

“दस्तगीरभाई, मला तुमची...”

त्यांनी हात वर केला. “थांबा सर. हितं नको.”

मी कप खाली ठेवला.

“सायकली राखल्या त्येचं मला काय वाटलं न्हाई. नोकरी हुती, पोरं शिकली. पर तुमी म्हणला दस्तगीरची मोजणी चुकली. ती गोष्ट हितवर, माधवनगरापत्तर आली. गिरणीतली दोस्तमंडळी च्याच्या गाड्यावर काय म्हणायची ठावं हाय? ‘काय रं दस्तगीर, पाच हजार पात्या मोजणारा गडी तू, विंचवाचं दात मोजाय येईनात व्हय?’ हसण्यावारी न्यायचो. घरी आलो की ही इचारायची, जेवत का न्हाई?”

भाभी दाराआड उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “सहा म्हैने गाड्यावर गेले नव्हते, सर.”

“तवा,” दस्तगीरभाई म्हणाले, “जिथं म्हणला तिथंच म्हणा. त्या खोलीत. पोरांच्या म्होरं. मी येतो. गाड्यावरचं दोघं हाईत अजून, सत्तार आन बापू, त्यास्नी बी आणतो.”

घरी आल्यावर मी पत्नीला सारे सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “कधी बोलावलंय त्यांना?” मला भीती वाटत होती, हे लपवत नाही. निवृत्तीला आलेला विभागप्रमुख विद्यार्थ्यांसमोर आपला खोटेपणा सांगतो, तेव्हा त्याच्या तीस वर्षांच्या शिकवण्याचे काय उरते? या प्रश्नाचे उत्तर मला सापडले नाही. फक्त एवढे लक्षात आले की हा प्रश्न मी पुन्हा स्वतःविषयीच विचारतो आहे.

ठरल्या दिवशी ते तिघे रिक्षातून उतरले. दस्तगीरभाईंनी निरोप समारंभातली शाल घेतली होती. विद्यार्थी भिंतीला टेकून उभे होते. ऋतुजाने एक विंचू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पडद्यावर फणी हातभर लांब दिसू लागली. “चाचा, मोजून दाखवता?” ती म्हणाली. दस्तगीरभाईंनी तिच्याकडून पट्टी घेतली, पण पडद्याला लावली नाही. नुसता अंगठा तर्जनीच्या पेरांवरून सरकत राहिला.

“बत्तीस. ह्यो कडंचा मोडलाय, पर त्येचं बूड हाय. त्यो धरायचा.”

ऋतुजाने आपली वही उघडून मुलांना दाखवली. बत्तीस. मुलांनी आपापल्या मनात मोजायला सुरुवात केली. कोणी एकतीस म्हणाले, कोणी तेहतीस. “हळू, पोरांनो,” दस्तगीरभाई म्हणाले, “बुडापास्नं सुरू करा. टोकाकडनं घसरतंय.” आणि पुढची दहा मिनिटे माझ्या विभागातला सर्वांत चांगला तास झाला. तो त्यांनी घेतला.

मग ते माझ्याकडे वळले. मी पुढे झालो. बोलू लागलो तो माझा आवाज मलाच ऐकू येईना.

“मोठ्यानं बोला सर,” ते म्हणाले. “सत्तारला कमी ऐकू येतंय.”

मुले हसली. मीही थोडा हसलो. एक श्वास घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत मोठ्याने बोललो:

“दस्तगीरभाई, तुमची मोजणी चुकली नव्हती. दहाव्या बरणीपासून डाव्या बाजू मी मोजल्याच नव्हत्या. सरांनी इथंच विचारलं तेव्हा स्वतःला वाचवायला मी तुमचं नाव घेतलं, आणि ते खोटं होतं. एकोणचाळीस विंचवांवर तुम्ही बरोबर होता, आणि चाळिसाव्यावर तुमच्याशिवाय कोणाचाच शब्द नाही. सत्तारभाई, बापूराव, तुम्हीही ऐका. दस्तगीरभाई, माझं चुकलं. मला माफ करा.”